तीन पाचे पंधरा आणि साळुंकीच्या पाच हाका

एका डोंगरउतारावरच्या रानात एक कोल्हा राहत असे, आणि साऱ्या रानाची दवंडी त्याच्याकडे असे. बातमी कोणतीही असो, ती कोल्ह्यानेच दारोदार जाऊन सांगायची आणि स्वतःच्या घरी सगळ्यांत शेवटी, असा तिथला रिवाज. मान मोठा होता बरं का! त्याच रानात एक साळुंकी होती. तिच्या पोटात म्हणून काही राहत नसे. बाळांनो, अशी मंडळी आमच्या बाजारातही असतात. गुळाचा भाव उतरला, की पहिला चहा व्हायच्या आत साऱ्या पेठेला ठाऊक!

एके दुपारी साळुंकी किंचाळतच आली. "कोल्होबा, वरच्या माळावर वणवा पेटलाय! साडेतीनशे दारं आहेत, सगळ्यांना नदीपार काढायला हवं. मी तीन दारी सांगते. त्यांतला प्रत्येक जण नव्या तीन दारी सांगेल, ते पुन्हा नव्या तीन-तीन दारी. अशा पाच हाका झाल्या, की रान मोकळं!"

कोल्हा खो खो हसला. "पाच हाका, दर हाकेला तीन. तीन पाचे पंधरा! अगं बडबडे, पंधरा दारं तर मी एकटा पालथी घालीन. दवंडी माझी आहे, तू आपली चोच मिट."

"ती मिटत असती, तर साळुंकी कशाला झाले असते?" असं म्हणून ती भुर्रकन उडाली.

कोल्हा निघाला. हे दार, ते दार, हा चढ, तो ओढा. धापा टाकत तो पंधराव्या दाराशी पोहोचला, आणि वारा फिरला! धुराचा लोट थेट त्याच्याच बिळाकडे वळला. तिथे त्याची चिमुकली पिल्लं होती. मग कसला रिवाज आणि कसला मान! तो जिवाच्या आकांताने धावला. पाहतो तर बीळ रिकामं, दाराशी नुसती राख उडतेय. कोल्ह्याने हंबरडा फोडला. तोच नदीपलीकडून आवाज आला, "बाबा, इकडे!"

त्याने पाण्यात उडीच टाकली. पैलतीरावर सारं रान जमलं होतं, आणि पिल्लांना घेऊन कोल्हीणही.

"तुम्हाला सांगितलं कुणी?" कोल्ह्याने विचारलं.

"या सशानं."

"सशानं? आणि तू त्याला सोडलंस?"

"अहो, त्याला अजून दोन दारी सांगायचं होतं ना!"

साळुंकी फांदीवर नाचू लागली. "पहिल्या हाकेला तीन दारं, दुसऱ्या हाकेला नऊ, मग सत्तावीस, मग एक्क्याऐंशी, आणि पाचव्या हाकेला..."

"दोनशे त्रेचाळीस!" ससा टुणकन उडी मारून ओरडला.

"बघा कोल्होबा! तीन आणि पाचाचा गुणाकार नव्हे, पाच वेळा तीन मांडून त्यांचा एकमेकांशी गुणाकार. हा तीनचा पाचवा घात! त्यात आधीच्या चार हाका मिळवल्या, की तीनशे त्रेसष्ट, साडेतीनशे दारांना पुरून उरतात!"

कोल्हा पिल्लांना चाटत म्हणाला, "साळुंकीबाई, आजपासून दवंडी तुमची. फक्त पहिल्या तीन दारांत माझं दार तेवढं धरा."

तात्पर्य : तीनच्या डोक्यावर बसलेल्या इवल्याशा पाचाला कमी लेखू नये, एकट्याची धाव बेरजेने वाढते, वाटून घेतलेलं काम गुणाकाराने.