दंडाच्या मोबदल्यात गुपित

गहाण पडलेले घर सोडवायला मथुराबाई सुतार मुदतीच्या तीन वर्षे आधीच सावकार दाजीसाहेबांच्या ओटीवर आल्या. भुशाच्या शेगडीवर रांधून आणि जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवून वाचवलेली पै न् पै त्यांनी पुढे ठेवली.

"मुदत मोडलीत! एका हप्त्याचा दंड भरा, मगच गहाणखत मिळेल," दाजीसाहेब गुरगुरले. मग ओटीवर बसलेल्या चारचौघांकडे पाहत हसले. "नाहीतर एवढी बचत कशी जमली, ते गुपित सांगा. दंड माफ!"

"शब्द पक्का?"

"पक्का!"

"जे फुकट मिळतं, त्याला पैसे मोजायचे नाहीत. हे मी विचारणाऱ्या कुणालाही फुकट सांगते, दाजीसाहेब. तुम्ही मात्र त्यासाठी दंडाचा हप्ता मोजलात!"

ओटीवर हशा पिकला. मथुराबाई गहाणखत घेऊनच पायऱ्या उतरल्या.