उंबराचं फूल

एका राज्यात सारे निर्णय दोन पाकळ्या घेत. देवीच्या मूर्तीच्या दोन्ही खांद्यांना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी आधी गळाली तर होकार, डावी गळाली तर नकार. याला कौल म्हणत.

मायावी काळभुजाने थोरल्या राजकन्येला, मृणालवतीला, मागणी घातली. डावी पाकळी गळाली. संतापलेल्या काळभुजाने त्या राज्यातला ‘फूल’ हा शब्दच पळवला. शब्द गेला, तशा बागा मिटल्या; मृणालवती देवळाच्या तळ्यात कळी होऊन राहिली. पौर्णिमेपर्यंत शब्द परतला नाही, तर ती कळी गळणार होती.

“मी शब्द आणायला निघते,” धाकटी केतकावती म्हणाली.

“कौल घेतल्यावाचून?” वृद्ध प्रधान सुमंतक दचकले.

“कौलाला काय लागतं, प्रधानकाका?”

“ते... ते लागतं.” शब्द जिभेवर येईना.

“ते राज्यात उरलंच नाही. मग कौल कसा लावणार?”

“रीत आहे, राजकन्ये. आम्ही थांबू.”

“थांबा तुम्ही. ताईला थांबता येणार नाही.” आणि तिने घोड्यावर मांड टाकली.

वेशीवरची साळुंकी म्हणाली, “शब्द तीन ठिकाणी दडला आहे. दुखण्यात, दागिन्यात आणि कुणी न पाहिलेल्या गोष्टीत.”

डोंगरात एक राक्षस विव्हळत होता. “डोळ्यात फूल पडलंय. काही दिसत नाही.” केतकावती त्याच्या गालावर चढली आणि पदराच्या टोकाने तो पांढरा ठिपका तिने टिपून घेतला.

“गुदगुल्या होतात गं!” राक्षस म्हणाला, आणि त्याला दिसू लागलं.

पाताळात नागराणीच्या कानांत हिऱ्यांची फुलं होती. “एक देईन. बदल्यात काय?”

केतकावतीने कट्यारीने आपली लांबसडक वेणी कापून दिली.

“घरचे रागावतील,” नागराणी म्हणाली.

“रागावू देत.”

तिसऱ्या ठिकाणी उंबराखाली खुद्द काळभुज बसला होता. भोवती पांढऱ्या दाढ्यांचे पंडित माना वर करून बसलेले.

“उंबराचं फूल दाखव आणि शब्द घेऊन जा,” काळभुज हसला.

“तुम्हाला दिसलं का?” तिने पंडितांना विचारलं.

“आमच्या गुरूंनीही वाटच पाहिली, मुली. बस. फांदीवर नजर ठेव.”

ती बसली नाही. तिने एक उंबर तोडलं आणि दोन बोटांनी फोडलं. आत बारीक बारीक फुलं दाटीने बसली होती.

“फोडून कुणीच पाहिलं नाही?”

“फोडायची रीत नाही,” एक पंडित पुटपुटला.

काळभुजाचा धूर झाला. धूर वाऱ्यावर गेला.

पौर्णिमेच्या सकाळी केतकावती तळ्याकाठी आली. तिच्या ओंजळीत तो ठिपका, तो हिरा, ते उंबर.

“थांबा, राजकन्ये,” प्रधान धावले. “शब्द उच्चारावा की नाही, याचा आधी...”

“फूल!” ती ओरडली.

कळी उमलली. मृणालवती पाण्यातून निथळत बाहेर आली आणि म्हणाली, “केस काय केलेस गं?”

“दिले.”

पाहता पाहता राज्यातल्या साऱ्या बागा फुलल्या. प्रधानांनी घाईघाईने एक फूल खुडलं, देवीच्या खांद्यांना पाकळ्या चिकटवल्या, हात जोडले. राजकन्या कौलावाचून गेली ते योग्य झालं का, हे विचारायला त्यांनी तोंड उघडलं.

प्रश्न ओठांवर येण्याआधीच उजवी पाकळी गळून पडली.