कलिकेच्या पायाची कथा

दीर्घबाहू राजा अरुणावती नगरीत राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्व एका गरीब अध्यापकाच्या घरी जन्माला आला होता. त्याचे नाव वेणुगुप्त. तारुण्यातच घर सोडून तो अरण्यात गेला, तिथे योग शिकला आणि पुढे शिकवू लागला. त्याचे शिष्य सगळे प्रौढ होते. संसाराला विटलेले, दाढ्या पिकलेले, थोडे सांगितले तरी पुष्कळ समजणारे. वेणुगुप्त म्हणे, "तू म्हणजे हे शरीर नव्हेस," आणि शिष्य डोळे मिटून मान डोलावीत. त्यांना ते खरोखर समजत असे की नाही, हा प्रश्न त्याला कधी पडला नव्हता.

दीर्घबाहू राजाला झोप येत नसे. कुणीतरी त्याच्या मनात भरवले की, लहानपणी ज्याला स्थिर बसण्याची सवय लागते त्याचे मन पुढे भरकटत नाही. राजाला वाटले, आपले वय तर गेले, निदान प्रजेची मुले तरी सुखाने झोपोत. त्याने वेणुगुप्ताला बोलावून घेतले.

"आचार्य, नगराबाहेर माझे आम्रवन आहे," राजा म्हणाला, "तिथे मुलांना योग शिकवा, आणि तत्त्वज्ञानही शिकवा, नुसत्या उड्या नकोत. वसंत पौर्णिमेला मी पाहायला येईन. घटिकापात्र बुडेपर्यंत मुले स्थिर बसली, तर आम्रवन तुमचे. आणि राज्यातल्या गावोगावी तुमच्या देखरेखीखाली अशा शाळा काढीन."

घटिकापात्र म्हणजे तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी. ती पाण्यावर सोडली की हळूहळू भरते आणि बुडते. तेवढा वेळ वेणुगुप्ताच्या अरण्यातल्या शिष्यांना पापणी लवण्याएवढा वाटे. त्याने आनंदाने होकार दिला.

पहिल्याच सकाळी तो गोंधळून गेला.

त्याने मुलांना मगरीसारखे पालथे पडायला सांगितले, तर ती सरपटत एकमेकांच्या पोटऱ्यांना चावू लागली. बगळ्यासारखे एका पायावर उभे राहायला सांगितले, तर अर्धी मुले मासे झाली आणि उरलेली त्यांना टोचू लागली. "डोळे मिटा," असे म्हटल्यावर सगळ्यांनी डोळे मिटले, आणि सगळ्यांनी मिटले आहेत ना हे पाहण्यासाठी लगेच उघडले. एक मुलगा तर श्वास पाहायचा म्हणून नाकाकडे इतका रोखून पाहत बसला की, त्याचे डोळे तिरळे झाले आणि त्याची आजी भांडायला आली.

तत्त्वज्ञानाची गत याहून वेगळी नव्हती.

"बाळांनो, तुम्ही म्हणजे हे शरीर नव्हे," वेणुगुप्त म्हणाला.

"मग भूक कुणाला लागते?" बाहुल नावाच्या मुलाने विचारले. तो एका कुंभाराचा मुलगा होता, गोल आणि गंभीर.

"शरीराला."

"मग लाडू शरीरालाच द्यायचा?"

"हो."

"मला नकळत?"

मुले हसली. वेणुगुप्त हसला नाही. अरण्यात लाडवाबद्दल कुणी विचारले नव्हते.

कलिका नावाची एक सहा वर्षांची मुलगी या सगळ्यांत चंचल होती. तिची आई रोहिता माळीण, देवळाच्या दाराशी हार विकी. कलिका बसल्याजागी बसत नसे. पण प्रश्न मात्र ती धरून ठेवी. त्या दिवशी सगळी मुले निघून गेल्यावर ती मागे राहिली.

"आचार्य, काल आईने मला चिमटा काढला. म्हणजे कुणाला काढला?"

"शरीराला."

"मग रडलं कोण?"

वेणुगुप्ताने आपल्या गुरूकडून ऐकलेले उत्तर दिले. "जे रडले तेही तू नव्हेस. तू फक्त पाहणारी आहेस."

कलिका चिमटा काढलेल्या कोपराकडे पाहत राहिली. मग घरी गेली.

दुसऱ्या दिवसापासून ती स्थिर बसू लागली. मुंगी चावली तरी हलेना. बाहुलने तिच्या कानात गवताची काडी घातली, तरी तिने डोळे उघडले नाहीत. वेणुगुप्ताला वाटले, बी रुजले. त्याने सगळ्या मुलांना सांगितले, "कलिकेकडे पाहा. कलिकेसारखे बसा." तिला आजवर कुणीच असे म्हटले नव्हते. तिचे कान लाल झाले. पण ती हलली नाही.

वसंत पौर्णिमा जवळ आली. हारांना मागणी वाढली म्हणून रोहिता मुलीला घेऊन नदीकाठी फुले तोडायला जाऊ लागली. तिथे एके दिवशी कलिकेच्या तळपायात बाभळीचा काटा गेला आणि आतच मोडला. ती रडली नाही. घरी येताना लंगडत होती, म्हणून आईने विचारले, "काय गं, काय झालं?"

"मला काही नाही झालं. पायाला झालंय."

"फार शहाणी झालीस!" रोहिता हसली. "पायाला म्हणावं, पाण्याची घागर भरून आण." आणि ती पुन्हा हार ओवायला बसली. मुलगी आम्रवनातून रोज काहीतरी असे बोलणे घेऊन येई. त्यातले कुठले मनावर घ्यावे हे तिला कळेनासे झाले होते.

पौर्णिमेच्या सकाळी राजा आला. सोबत पुरोहित, वैद्य जीवंधर आणि निम्मे नगर. मुले ओळीने मांडी घालून बसली, प्रत्येकाच्या गळ्यात हार. पुरोहिताने घटिकापात्र पाण्यावर सोडले.

मुले खरोखर स्थिर बसली. बाहुलच्या नाकावर माशी बसली, तिला तो खालच्या ओठाने फुंकर घालून उडवू पाहत होता. पण हात मांडीवरच होते. राजाने समाधानाने श्वास सोडला. कितीतरी दिवसांत त्याच्या कपाळावरची आठी सैल झाली नव्हती, ती आज झाली.

पहिल्या ओळीत कलिका होती. वेणुगुप्त तिच्याकडे कौतुकाने पाहत होता. मग त्याला दिसले की, तिचे ओठ सुकले आहेत आणि सकाळच्या गारव्यात तिच्या गालावरून घाम ओघळतो आहे. त्याची नजर खाली गेली. मांडीवर ओढून बसवलेले तिचे पाऊल घोट्यापर्यंत सुजले होते. रंग जांभळाच्या सालीसारखा झाला होता.

अरण्यात वेणुगुप्ताने स्वतः ताप अंगावर काढून आसन मोडले नव्हते, आणि त्याबद्दल गुरूने त्याची पाठ थोपटली होती. तेच या मुलीने केले तर ते वाईट कसे? कदाचित दाढीवाल्यांना जे साधले नाही ते हिला साधले असेल. मग ते मोडणारा मी कोण? आणि साधले नसेल, तर हे काय चालले आहे? वाटी अर्ध्याहून अधिक भरली होती. क्षणभर थांबले तर गावोगावच्या मुलांचे कल्याण होणार होते. की अकल्याण? त्याला काहीच ठरवता येईना.

ठरले नाही, तरी तो उठला. कलिकेजवळ जाऊन खाली बसला.

"कलिके, दुखतंय का गं?"

डोळे न उघडता ती म्हणाली, "पायाला दुखतंय, आचार्य. मी बघतेय."

त्याने तिला उचलले. तिचे अंग तापाने भाजत होते. आचार्य उठले हे पाहून बाहुलने आधी माशी मारली, आणि मग सगळी ओळच मोडली.

"हे काय?" राजा ओरडला. "पात्र अजून बुडालेले नाही!"

पुरोहित पुढे आला. "आचार्य, बसवा तिला. वाटी भरायला दोनच बोटे उरली आहेत. एवढ्या वेदनेत एवढीशी पोर हलत नाही, यापेक्षा मोठी साक्ष कुठली? ही तर जन्मजात योगिनी!"

"ही योगिनी नाही," वेणुगुप्त म्हणाला. "ही आज्ञाधारक मुलगी आहे. मी शाबासकी दिली, म्हणून ती दुखणे लपवून बसली."

"म्हणजे तुम्ही शिकवलेले खोटे होते?" राजाने विचारले. त्याच्या आवाजात रागापेक्षा भीती जास्त होती. "तू शरीर नव्हेस, हे खोटे?"

सगळे नगर ऐकत होते. वेणुगुप्ताला खरे म्हणता आले असते. खोटेही म्हणता आले असते. दोन्हींपैकी कुठल्याही ठाम उत्तराने राजाला धीर आला असता.

"मला माहीत नाही, महाराज," तो म्हणाला. "माझ्या गुरूंनी सांगितले ते मी सांगितले. एवढेच कळते की, जिला अजून आपले दुखणे नीट सांगता येत नाही, तिला 'दुखते ते तुला नव्हे' हे मी सांगायला नको होते."

राजाच्या कपाळावर आठी परत आली. "भर सभेत माहीत नाही म्हणणाऱ्या गुरूच्या हाती मी राज्याची मुले कशी देऊ?" असे म्हणून तो रथात बसला. त्याने जाताना वैद्याला मात्र मागे ठेवले, हे सांगितले पाहिजे.

जीवंधराने कलिकेला रोहितेच्या झोपडीत आणवले, पाऊल कोमट पाण्याने धुतले आणि हातात शलाका, म्हणजे वैद्याची टोकदार बारीक सळई, घेतली. काट्याचे टोक आत खोल होते आणि वरची जखम मिटली होती. सूज इतकी की काटा नेमका कुठे आहे हे बोटाला लागत नव्हते. त्याने एका जागी दाबले, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. कलिका छपराकडे पाहत पडून राहिली.

"ही रडत का नाही?" वैद्य वैतागला. "मुले ओरडतात म्हणून मला जागा कळते. इथे दाबले काय नि तिथे दाबले काय, ही दगडासारखी! भलत्या जागी चिरले तर पाय जाईल. आणि आज काटा निघाला नाही, तर विष वर चढेल."

"पोरी, सांग गं बाई, कुठं दुखतंय?" रोहिता विनवू लागली.

"मी शरीर नाही, आई."

रोहिता वेणुगुप्ताकडे वळली. "आचार्य, तुम्ही मोठे आहात, मी फुले विकणारी. मला तुमचे ते पाहणारे-बिहणारे काही नको. माझी रडकी पोर मला परत द्या."

वेणुगुप्त कलिकेच्या उशाशी बसला. "कलिके, मी चुकलो. दुखते ते सांगायचे असते."

कलिकेने त्याच्याकडे पाहिले. तिची नजर तापाने धूसर झाली होती. "मी रडले, तर तुम्ही म्हणाल चंचल आहे."

"नाही म्हणणार."

"परीक्षा आहे ही. मला माहितेय."

ती हसली आणि पुन्हा छपराकडे पाहू लागली. तो जेवढे समजावी तेवढी ती अधिक घट्ट होई. कारण समजावणारा तोच होता, ज्याने आधी ते शिकवले होते. आता शब्दांनी काही व्हायचे नाही, एवढे त्याला कळले. पुढे काय करायचे ते कळले नाही.

मग त्याने आपला पाय वैद्यापुढे केला. "ती शलाका माझ्या तळव्यात घाला."

"काय म्हणता?"

"घाला. जोराने."

जीवंधराने रोहितेकडे पाहिले. रोहिता म्हणाली, "घाला की! विचारता काय?"

वैद्याने शलाका टोचली. इतकी वर्षे वेणुगुप्त वेदना आली की एक पाऊल मागे सरकून तिच्याकडे पाहत असे. ती सवय आताही हजर होती, दार उघडून उभी होती. या वेळी तो त्या दारातून आत गेला नाही.

"आई गं!" तो ओरडला. "मेलो, मेलो! मला दुखतंय!"

त्याच्या डोळ्यांतून घळघळा पाणी आले. ओरडणे नाटकी असेल असे त्याला आधी वाटले होते. पण ते खरे निघाले आणि लवकर थांबेना. आयुष्यभराची साधना या क्षणी गेली की आत्ता कुठे हाती आली, हे त्याला समजले नाही.

कलिका कोपरावर उठली. "आचार्य? तुम्हाला?"

"मला गं!"

"पायाला नाही?"

"पायालाही, आणि मलाही!"

ती त्याच्या ओल्या दाढीकडे पाहत राहिली. मग तिचा खालचा ओठ थरथरला. जीवंधर शहाणा वैद्य होता. त्याने तेवढ्यात तिच्या टाचेजवळ दाबले.

"आई!" कलिका किंचाळली. "मला दुखतंय! तिथं नको, तिथंच दुखतंय!"

वैद्याने तिथेच चिरले. काटा निघाला. रोहितेने मुलीला छातीशी घेतले. त्या झोपडीतून दुपारभर असा आक्रोश येत राहिला की, शेजाऱ्यांना वाटले मुलगी गेली. ते धावत आले, तेव्हा रोहिता हसत होती.

आम्रवन वेणुगुप्ताला मिळाले नाही आणि राजा पुन्हा तिकडे फिरकला नाही. कुंभारवाड्यामागे एक जुना पिंपळ होता, त्याच्या पारावर काही मुले येत राहिली. तिथे वेणुगुप्त त्यांना मगर आणि बगळा होऊ देई, थोडा वेळ श्वास पाहायला लावी, आणि शेवटी प्रत्येकाला विचारी, "आज कुठे दुखते?" बाहुल रोज म्हणे, "शेपटीला." त्यालाही तो नीट विचारी, किती दुखते, कधीपासून. 'तू शरीर नव्हेस' हे वाक्य खरे की खोटे, याचा निकाल त्या जन्मात त्याला लागला नाही. मुले मोठी झाल्यावर त्यांच्यापैकी कुणी ते विचारले, तर तो म्हणे, "आधी आपले दुखणे ओळखायला शीक. मग आपण दोघे मिळून पाहू."

ही कथा सांगून, पुढे बुद्ध झालेले शास्ते भिक्षूंना म्हणाले, "त्या वेळची कलिका म्हणजे आज विहारात आजाऱ्यांची शुश्रूषा करणारी भिक्षुणी सुमेखला, कण्हण्यावरून ती दुखण्याची जागा ओळखते. हसतो म्हणून ज्याची तुम्ही तक्रार घेऊन आलात, तो भिक्षू म्हणजे बाहुल. परवा हवे ते उत्तर मिळाले नाही म्हणून उठून गेलेला परिव्राजक तो दीर्घबाहू राजा होता. त्याला अजून झोप येत नाही, त्याच्यावर रागावू नका. आणि सगळ्या नगरासमोर 'मला माहीत नाही' म्हणणारा तो गोंधळलेला आचार्य म्हणजे मीच होतो. त्या जन्मात मी ज्ञानाची पारमिता, म्हणजे बुद्धत्वाकडे नेणारी साधना, पुरी केली नाही. सत्याची केली."