गोगलगायीने शिकवलेली उडी

बाळांनो, एक जण तुम्हाला म्हणतो, "तू पडणारच नाहीस." दुसरा विचारतो, "काल किती वेळा पडलास?" सांगा, विश्वास कुणावर ठेवाल? घाई करू नका. जन्म दुकानात काढला, तरी या प्रश्नात मी स्वतः दोनदा फसलो आहे. आधी गोष्ट ऐका.

एका डोंगरावरच्या जंगलात एक शेकरू राहत असे. एकटं असलं की त्याची उडी बघावी! जांभळीवरून सुटलं की ओढ्यावरून थेट पलीकडच्या ऐनाच्या झाडावर. पण दरवर्षीच्या उड्यांच्या सामन्यात सगळं जंगल खाली जमलं की त्याची उडी चुके आणि ते धप्पकन ओढ्यात पडे. असं दोन वर्षं झालं. तिसऱ्यांदा पडेल त्याचं नाव सामन्यातून कायमचं काढायचं, असा तिथला नियम. पोपट रोज येऊन सांगे की तुझ्यासारखं कुणी नाही, तू जिंकल्यात जमा आहेस. ऐकायला गोड वाटे. पण पोपट उडाला की भीती पुन्हा हजर.

शेवटी ते गोगलगायीकडे गेलं. ती उडी शिकवत नसे. उडीआधी मनात काय होतं, ते शोधून देत असे. हुप्प्या वानर पोट धरून हसला. "गोगलगाय नि पोटात पाय! अरे, जिचे पायच पोटात, ती उडी शिकवणार?"

"दादा, पाय त्याचे चांगलेच आहेत," गोगलगाय म्हणाली. "मी बघणार ते दुसरंच." तिने शेकरूला एवढंच सांगितलं : साधलेल्या प्रत्येक उडीला ढोलीत एक हिरडा टाकायचा, चुकलेलीला एक बेहडा, आणि त्या क्षणी नजर कुठे होती ते लक्षात ठेवायचं.

आठ दिवसांनी ढोलीत नुसते हिरडेच! "वा," गोगलगाय म्हणाली, "मग माझ्याकडे आलंस कशाला?" शेकरू शरमलं. गोगलगायमावशी खूश व्हावी म्हणून त्याने बेहडे पानांखाली लपवले होते. काढून मोजले, तर सतरा. एकेक आठवू लागलं, आणि काय गंमत! सतराच्या सतरा वेळा झाडाखाली कुणीतरी उभं होतं, आणि शेकरूची नजर फांदी सोडून त्याच्या तोंडाकडे होती.

"सापडलं!" गोगलगायीची शिंगं आनंदाने ताठ झाली. तिने हुप्प्यालाच आवतण धाडलं, की रोज सकाळी ये आणि मनसोक्त चिडव. तो काय, अख्खी टोळी घेऊन आला. त्या गोंगाटात शेकरू एक खोल श्वास घेई, ऐनाचं एकच पान नजरेत धरी आणि मग सुटे. पहिल्या दिवशी बेहडेच जास्त पडले. मग हळूहळू हिरडे चढू लागले.

सामन्याचा दिवस उजाडला. खाली हा कल्ला! "आलं रे ओढ्यातलं शेकरू," हुप्प्या ओरडला, "येताना मासे घेऊन ये." शेकरूने श्वास घेतला. पान दिसलं. सुटलं! मागचा एक पाय निसटला, जंगलाचा जीव टांगणीला लागला. पण पुढची नखं फांदीत घट्ट रुतली होती. ते वर चढलं आणि डोंगर दणाणला. पोपट सांगत सुटला की मी म्हणालोच होतो. शेकरू मात्र थेट ढोलीपाशी गेलं. एक हिरडा टाकला. मग निसटलेला पाय आठवून, कुणी न सांगता, शेजारी एक बेहडाही टाकला.

"झालं बाळा," गोगलगाय म्हणाली. "आता तुला माझी गरज नाही."

"गिऱ्हाईक गेलं की तुझं, बाई," हुप्प्याने टोमणा मारला.

"माझ्या धंद्यात गिऱ्हाईक परत आलं नाही, तरच माल चोख."

हुप्प्या जरा घुटमळला. मग इकडेतिकडे बघत हळूच म्हणाला, "माझीही एक उडी चुकते. हिरडे किती आणू?"

"आधी बेहडे आण," गोगलगाय म्हणाली.

तात्पर्य : गोड बोलून धीर देणाऱ्यापेक्षा, आपल्या चुका आपल्याच हातून मोजून घेणाऱ्यावर विश्वास ठेवावा. तेव्हा बाळांनो, एवढं माझं ऐका : हिशेब खरा ठेवा, आणि चुकलेली उडी त्यात आधी मांडा.