एका कणसाला एक धडा

एक होता राजा. त्याला किल्ला बांधायचा होता, म्हणून त्यानं गावोगावची धडधाकट माणसं दगड वाहायला नेली. झालं, राजाचं काम संपलं. बसू दे त्याला तिकडे मिशा पिळत. आपली गोष्ट हौसाची आहे. आणि तू रे, आधी तुझा पाय काढ बघू ताईच्या अंगावरून, नाहीतर गोष्ट बंद!

तर हौसाचे आई-बाप गेले किल्ल्यावर. घरी उरली दोघंच, हौसा आणि तिचे आबा. आबा म्हणजे आजोबा, बरं का. गुडघे धरलेले, डोळ्यांना धड दिसत नाही. शेतात ज्वारी उभी, कणसात दाणे भरायला लागलेले, आणि पाखरांच्या झुंडीच्या झुंडी यायला लागल्या. ती ज्वारी गेली की वर्षभर चुलीवर तवा चढायचा नाही. मग राखणीला कोण जाणार? हौसा! तिची शाळा बंद झाली, हातात गोफण आली, आणि चार खांबांवर बांधलेल्या माळ्यावर ती जाऊन बसली.

सकाळी बसायची ती पार दिवस कलेपर्यंत. वर आभाळ, खाली ज्वारी. बोलायला कोण? कुणी नाही. पाखरं आली की गोफण फिरवून ओरडायची, "हाऽऽ हुर्रऽऽ!" मग एक दिवस तिच्या लक्षात आलं, अगंबाई, दिवसभरात आपण एवढंच बोलतो. त्या दिवशी तिला फार एकटं वाटलं. रडली बिचारी. डोळे पुसायला तिथं कोण होतं? रडली आणि आपणच गप्प झाली.

माळ्यावरून तिला शाळा दिसायची. लांब ओढ्यापलीकडे, कौलं तेवढी. वारा इकडचा असला तर घंटाही ऐकू यायची.

एकदा काय झालं, एक चिमणी कणसावर येऊन बसली. हौसानं गोफण उगारली. तशी चिमणी म्हणाली, "थांब गं बाई! आत्ताच शाळेतून येतेय, दम तरी खाऊ दे."

"कुठून येतेस?"

"शाळेतून. आढ्याला घरटं आहे माझं. तुझ्याच वर्गाच्या डोक्यावर."

हौसानं गोफण खाली टाकली. "मग सांग ना, आज काय शिकवलं?"

चिमणी केवढीशी, पण व्यवहाराला पक्की. म्हणाली, "एक कणीस दे, सांगते."

हौसानं इकडे बघितलं, तिकडे बघितलं. दिलं एक कणीस! मग चिमणीनं ढगाची कविता म्हणून दाखवली. अर्धीच हं. कारण सगळी पोरं एका सुरात कविता म्हणायला लागली की कौलं हादरायची, आणि चिमणी भुर्र उडून जायची.

मग चिमणीनं बाहेर बोभाटा केला. दुसऱ्या दिवशी आला पोपट. तो शाळेच्या चिंचेवर बसायचा, खिडकीला लागून. त्यानं पाढे आणले. सातचा पाढा म्हणताना म्हणाला, "सात आठे चोपन्न." हौसाला शंका आली. तिनं माळ्यावर आठ-आठ दाण्यांच्या सात ओळी मांडल्या, आणि मोजल्या. "छप्पन्न होतात, लबाडा! चिंचा खात ऐकलंस ना?" मग त्या दिवशी पोपटाला अर्धंच कणीस. फुगून बसला होता कितीतरी वेळ.

मग आली साळुंकी, शाळेच्या अंगणात खिचडी टिपणारी. महा भांडखोर. ती म्हणाली, "पृथ्वी गोल आहे म्हणे. आणि फिरते."

"अगं बाई! कशावरून?"

"मला काय विचारतेस? गुरुजी म्हणाले, पोरांनी माना डोलावल्या, मी खिचडी खाल्ली."

हौसानं माळ्याचा खांब जो धरला, तो दुपारभर सोडला नाही.

असं करत करत वर्ग जे जे शिकला, ते ते सगळं हौसा शिकली. नदी कुठं जाते, पाणी गाळून का प्यायचं, पान हिरवं का असतं. लंगडीसुद्धा शिकली. बांधावर उतरून घातली एकटीनं लंगडी. पण पुढं पळायला कुणी नाही, मग धरायचं कुणाला? थोडी नाचली एका पायावर, आणि गुपचूप वर येऊन बसली.

आणि रोज शेवटी ती चिमणीला एक विचारायची. "सतरंजीवर माझ्या मैत्रिणीच्या, झुंबरच्या शेजारी माझी जागा आहे. तिथं कुणी बसतं का गं?"

"नाही बाई, मोकळीच आहे."

एवढं ऐकलं की हौसाच्या जिवात जीव यायचा. त्या उत्तराला ती सगळ्यांत भरलेलं कणीस द्यायची.

मग दिवाळी जवळ आली. एक दिवस चिमणी आली. कणीसही मागेना.

"माझी जागा?" हौसानं विचारलं.

"पोरं सरकली गं. झुंबर आता ऐसपैस बसते."

हौसानं तरीही कणीस पुढं केलं. चिमणीनं काही ते खाल्लं नाही. मग उरलेला दिवस हौसानं गोफण उचलली नाही, की हाळी दिली नाही. पाखरं आली, खाऊन गेली.

आता गंमत बघा. घरी आबा ओट्यावर बसलेले. हौसाचं हुर्र ऐकू येईना, तसा त्यांचा जीव वरखाली व्हायला लागला. काठी टेकत टेकत, ठेचकाळत आले शेतात. चालता चालता हात लागला कणसांना. एक मोकळं, दुसरं मोकळं, सगळी ओळच मोकळी!

"हौसे! गोफण काय शोभेला दिलीय? पाखरांनी ओळ खाल्ली सगळी!"

"मी दिली, आबा."

"दिली? अगं, वर्षभर खायचं काय आपण, माती?" आबांनी काठी आपटली. चांगलेच भडकले होते.

मग हौसा खाली उतरली आणि सगळं सांगितलं. अर्धी कविता म्हटली, पाढे म्हटले, पृथ्वी फिरते ते सांगितलं. आबा बांधावर बसून ऐकत राहिले. शेवटी ती म्हणाली, "आणि माझी जागा गेली, आबा." आणि हुंदकेच द्यायला लागली.

आबांनी तिला जवळ ओढलं. म्हणाले, "मी आपला तिकडे बसून तुझं हुर्र ऐकायचो. वाटायचं, पोर मजेत आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा स्वतः माळ्यावर चढले. हौसानं खालून ढकललं. गुडघे कुरकुरले, आबाही कुरकुरले, पण चढले. "पळ आता. घंटा व्हायच्या आत पोच."

"आणि पाखरं?"

"बघतो एकेकाला!"

हौसा धूम पळाली. माळ्यावर आबा एकटे. घसा खरवडून हुर्र म्हणून बघितलं, पण कोण भितंय! ऊन चढलं, दुपार झाली. आणि आली की चिमणी.

"शाळेतून आलीस का गं?" आबांनी विचारलं.

"हो."

"आमची पोर दारातच उभी राहिली का?"

"राहिली थोडा वेळ. मान खाली घालून."

"मग?"

चिमणी म्हणाली, "एक कणीस."

काय ही कारटी! पण आबांनी चाचपून चाचपून चांगलं भरलेलं कणीस काढलं आणि दिलं. तिनं सावकाश खाल्लं, चोच पुसली.

"मग झुंबर म्हणाली, 'सरका रे!' मग सगळी सरकली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. बसली तुमची हौसा."

"बसली," आबा म्हणाले. आणि त्यांनी न मागता चिमणीला आणखी एक कणीस दिलं.

त्या वर्षी कणगी काही भरली नाही. भाकरी जरा पातळच थापायला लागली. किल्ला झाला, आई-बाप घरी आले, सगळी सुखानं राहायला लागली. पण कापणी होईपर्यंत हौसा रोज शाळेतून पळत यायची आणि आज काय काय झालं ते आबांना सांगायची. आबांना ते सगळं दुपारीच कळलेलं असायचं, चिमणीला कणसं मोजून. तरी बोलायचे नाहीत. म्हणायचे, "असं होय? मग, पुढं काय झालं?"

पुढं काही नाही झालं. हौसा निजली, आबा निजले, चिमणीसुद्धा आढ्यावर निजली. तुम्हीच तेवढे राहिलात जागे. मिटा बघू डोळे.