खटारा म्हटलेली गाडी

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा बैल बोलत असत आणि माणसं ऐकत नसत. त्यातलं दुसरं आजही तसंच आहे, पण ते असो.

एका घाटाच्या माथ्यावर गाडीवानांचं एक गाव होतं. तिथले लोक समुद्राकडून मीठ वर आणत, आणि देशावरचं धान्य खाली नेत. माणसं कष्टाळू होती, सरळ होती. पण त्यांना एक खोड होती. आपल्या वस्तूला ती कधी चांगलं म्हणत नसत.

चांगलं म्हटलं की दृष्ट लागते, असं त्यांच्या आजोबांनी सांगितलं होतं. त्यामुळे दुधाचा हंडा भरून वाहत असला तरी बाई म्हणे, "भांडं ओलं होतं एवढंच." मुलगा ताडमाड वाढला तरी बाप म्हणे, "कसला वाढतोय, काडी झालीय नुसती." ऐकणाऱ्याला खरं काय ते कळत असे. तोही मान हलवून म्हणे, "हो ना, काडीच." गावाचा कारभार अशा रीतीने सुखात चालला होता.

त्या गावात एक गाडीवान होता. त्याची गाडी गावात सगळ्यात भक्कम होती. बाभळीची चाकं, त्यांवर जाड लोखंडी धावा, आणि दोनच वर्षांपूर्वी बसवलेला नवा कणा. दर अमावास्येला तो तिला तेलपाणी करी. मिठानं लोखंड गंजतं म्हणून प्रत्येक खेपेनंतर तो तिला धूत असे. बायको म्हणे, "माझ्या डोक्याला कधी इतकं तेल लावलंत का हो?" पण कुणी विचारलं, "गाडी कशी आहे?" तर हा हात झटकून म्हणे, "कसली गाडी न काय! खटारा आहे खटारा."

राजधानीत तेव्हा एक पेढी होती. दसऱ्याला गाडीवानानं तिथे एक होन भरायचा, आणि वर्षभरात घाटात गाडी मोडली तर मोडण्याआधी तिचं जे मोल होतं तेवढे होन पेढीनं द्यायचे. मोडकी गाडी पेढीची. आज आपण याला विमा म्हणतो. आपल्या गाडीवानानं बारा दसरे न चुकता होन भरला होता आणि एकदाही काही मागितलं नव्हतं.

एके दिवशी घाटाच्या मधल्या वळणावर त्यानं गाडी उभी केली आणि बैलांना ओढ्यावर पाणी पाजायला नेलं. तेवढ्यात वरून दरड आली. बैल वाचले, माणूस वाचला. गाडीचा मात्र चुरा झाला. कणा दोन ठिकाणी मोडला, चाकांचे आरे दातकोरण्यासारखे विखुरले. सुतारानं बघितलं आणि म्हणाला, "ही आता जुळायची नाही, दादा. चुलीत घालायची."

पेढीनं आपला पारखी पाठवला. माणूस गोड होता. आल्या आल्या त्यानं बैलांच्या पाठीवरून हात फिरवला, गूळपाणी घेतलं, झालं ते वाईट झालं म्हणाला. मग दौत उघडून सहज विचारावं तसं त्यानं विचारलं, "बरं, गाडी होती कशी?"

गाडीवानाच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "कसली गाडी न काय, पारखीबुवा! खटारा होता. देवाच्या कृपेनं चालायचा."

बायकोनं त्याला कोपर मारलं. पण बोरू कागदावर फिरला होता.

"खटारा," पारखी लिहिता लिहिता म्हणाला. "देवाच्या कृपेनं चालणारा. म्हणजे वीस होन."

घाट उतरेल अशी गाडी तेव्हा पन्नास होनांच्या खाली मिळत नसे. गाडीवानाचं तोंड उतरलं. "अहो, बुवा, तसं नाही. ते आपलं बोलायची पद्धत म्हणून..."

"मी कुठे काही म्हणालो?" पारखी म्हणाला. "शब्द तुमचा आहे. गावाला विचारू या हवं तर."

गावाला विचारलं. गाव खोटं बोलणारं नव्हतं. एकेकानं पुढे येऊन सांगितलं, हो, खटाराच म्हणायचा तो. खरं काय ते सगळ्यांना माहीत होतं. पण दुसऱ्याच्या वस्तूला तोंड भरून चांगलं म्हणणं तर त्याहून वाईट, सरळ दृष्टच लागायची. मोडलेल्या गाडीला आता कसली दृष्ट लागणार, हे कुणाच्याही डोक्यात आलं नाही.

शेजाऱ्यानं कानात सल्ला दिला, "शंभर माग. ओढाताण होऊन पन्नासावर येईल." गाडीवानानं तेही करून पाहिलं. पारखी पोट धरून हसला. "सकाळी खटारा, दुपारी शंभर! संध्याकाळपर्यंत सोन्याची व्हायची की हो तुमची गाडी!" आणि त्यानं कागदावर आणखी काहीतरी लिहिलं. ते काही गाडीवानाच्या भल्याचं नसावं.

मिठाची जत्रा पंधरा दिवसांवर आली होती. त्या जत्रेत ज्याची गाडी नाही, त्याला वर्षभर मिठाची खेप मिळत नसे. तिन्हीसांजेला गाडीवान गोठ्यात येऊन बसला. बायको वैरण टाकत होती.

"धाकट्या बैलाला विकतो," तो म्हणाला. "वीस आणि त्याचे तीस. पन्नास झाले."

"आणि गाडी ओढणार कोण?" बायकोनं विचारलं. "तुम्ही का मी?"

"मग एका बैलाचा छकडा घेऊ."

"छकड्यानं घाट उतरलेला बघितलाय कधी?"

धाकट्या बैलानं वैरण खायचं थांबवलं. दोघे बैल लहानपणापासून एका जुवाखाली वाढले होते. एक डावीकडे, एक उजवीकडे. बाजू बदलली तर त्यांना झोप लागत नसे. गाडीवानाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यानं ते पुसलंही नाही.

तेव्हा थोरला बैल बोलला. तो वर्षातून एकदोनदाच बोलत असे.

"धनी, दहा वर्षं गाडी आम्ही ओढली. ती कशी होती ते आमच्या खांद्याला माहीत आहे. पण बैलाची साक्ष पेढीत चालत नाही. तेव्हा त्यांच्याशी होनांवरून वाद घालू नका. वीस कबूल करा. फक्त होनांऐवजी गाडी मागा."

गाडीवानाला काही कळलं नाही. बायकोला कळलं. ती वैरणीची पाटी खाली ठेवून हसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पारखीसमोर उभी राहिली. "बुवा, तुमचे वीस आम्हाला मान्य आहेत."

"शहाण्या आहात, बाई."

"पण होन नकोत. आमच्या गाडीसारखी एक गाडी वीस होनांत तुम्हीच आणून द्या. आणि गावची रीत तेवढी पाळा."

पारखीनं रीत कुठली ते विचारलंच नाही. त्याच्या मनानं हिशेब केव्हाच मांडला होता. तालुक्याच्या बाजारात त्यानं अठरा होनांत एक गाडी पाहून ठेवली होती. दोन होन वर राहत होते. तिसऱ्या दिवशी ती गाडी चौकात येऊन उभी राहिली. तिला ताजा गेरू लावला होता आणि जुवाला गोंडे बांधले होते.

गाव जमलं. चार जणांनी धान्याची पोती गाडीत भरली. थोरला आणि धाकटा जुवाखाली आले. मग बायकोनं धुरेवरची धूळ पदरानं पुसली आणि म्हणाली, "बसा, बुवा."

"मी? मी कशाला?"

"आमच्याकडे गाडी देणारा आधी स्वतः तीत बसून घाट उतरून दाखवतो. खालच्या मारुतीपर्यंत. तिथं नारळ फुटला की व्यवहार पुरा. आजोबांपासूनची रीत आहे."

पारखीनं गावाकडे पाहिलं. गावानं मान हलवली. या बाबतीत मात्र सगळ्यांचं एकमत होतं.

तो चढून बसला. गाडी निघाली. गावाबाहेरचा सपाट रस्ता बरा गेला. मग पहिला उतार लागला आणि डावं चाक कण्यावर कुरकुरायला लागलं. पुढच्या वळणाच्या कडेला झुडपं संपत होती आणि त्यापलीकडे नुसती हवा होती. ज्या दरडीनं गाडी चिरडली तिचे दगड तिथून दिसत होते.

थोरला बैल थांबला. त्यानं मान वळवून विचारलं, "पुढे घेऊ का, बुवा? तुमच्या वीस होनांवर?"

पारखी खाली उतरला. उतरला म्हणजे काय, जवळजवळ पडलाच. पगडी सावरत तो म्हणाला, "ही गाडी घाटाची नाही."

"आमची होती," गाडीवान म्हणाला.

असं वाक्य त्या गावात कुणी ऐकलं नव्हतं.

"मग नीट सांगा," पारखी म्हणाला, आणि या वेळी त्याचा आवाज गोड नव्हता, साधा होता. "कशी होती तुमची गाडी?"

गाडीवानाची जीभ वळेना. सगळं गाव बघत होतं. त्यानं धाकट्याच्या वशिंडावर हात ठेवला आणि बोलायला सुरुवात केली. "चांगली होती. बाभळीची चाकं, एक आरा हलत नव्हता. धावा मागच्या दसऱ्याला चढवल्या. कणा दोन वर्षांचा. मागची एक फळी किडली होती, ती बदलायची राहिली, तेही लिहा. बारा वर्षांत एकदाही ती घाटात अडली नाही. फार चांगली होती हो माझी गाडी." आणि तो भर रस्त्यात रडला.

आता सुतारही पुढे झाला. "कणा मीच बसवला," तो म्हणाला. "धावाही माझ्याच हातच्या." मग शेजारी बोलले, मग त्यांचे शेजारी बोलले. पारखीचा बोरू पुरा पडेना.

पारखी पुन्हा बाजारात गेला. तशी गाडी पन्नासाला मिळत होती. किडक्या फळीचा एक होन त्यानं वजा केला आणि एकोणपन्नास होन मोजून दिले. ते योग्यच होतं, म्हणून कुणी तक्रार केली नाही.

जत्रेच्या आदल्या दिवशी नवी गाडी गावात आली. थोरला डावीकडे, धाकटा उजवीकडे. वेशीवर शेजारी भेटला. त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली आणि नेहमीसारखं विचारलं, "काय, कशी आहे गाडी?"

"कसली न काय, खटा..." गाडीवानानं सुरुवात केली. थोरला बैल खाकरला.

गाडीवान थांबला. खिशातून त्यानं एक बिब्बा काढला, काळ्या दोऱ्यात ओवला आणि कण्याला घट्ट बांधला. मग ताठ उभा राहून म्हणाला, "चांगली आहे."

बोध: दृष्ट लागू नये म्हणून बिब्बा बांधावा, आपल्या चांगल्या वस्तूचं मोल आपल्याच तोंडानं पाडू नये, कारण जग ते पडल्या भावानंच उचलतं.