कस्तुरीचा वाडगा

"मग बरणी तिला का दिलीत, बाई?"

शाल्मलीनं अजून चपलाही धड काढल्या नव्हत्या. लंडनहून मुंबई, मुंबईहून कोल्हापूर, घरी बॅगा टाकल्या आणि तडक बाईंच्या दारात.

बाई म्हणजे हात्सुएबाई सरनोबत. फाउंड्रीवाल्या सरनोबतांशी लग्न करून जपानातून इथं आल्या, त्याला जन्म लोटला. सरनोबत गेले तरी बाई राहिल्या. मराठी शिकल्या सासूकडून, त्यामुळं बोलणं अस्सल कोल्हापुरी. आम्ही चार-पाच जणी त्यांच्याकडं जपानी घरगुती स्वयंपाक शिकायला जायचो.

आमच्यात शाल्मली सगळ्यांत हुशार. खोटं कशाला बोलू? तिचा हातच तसा होता. पुढं ती लंडनला गेली. तिकडं सध्या जपानी घरच्या जेवणाचं भलतंच वेड आहे, आणि त्यात हिचं छान बस्तान बसलं. स्वतः रांधून लोकांना वाढते, आणि हिच्या टेबलापाशी जागा मिळावी म्हणून लोक वाट बघत थांबतात. मासिकांत फोटो येतात. ते फोटो ती आम्हाला न चुकता पाठवते.

आता बरणीचं सांगते. बरणीत काय, तर तांदळाचा कोंडा, मीठ आणि पाणी. त्यात मुळा, काकडी, गाजर पुरून ठेवलं की दुसऱ्या दिवशी आंबूस लोणचं तयार. कोंडा मात्र रोज उघड्या हातानं ढवळायचा, नाहीतर नासतो. बाईंनी तो माहेरून आणला होता, आईच्या बरणीतला मूठभर. आणि इतकी वर्षं जपला. आता बोटं वळेनात, म्हणून त्यांनी बरणी कस्तुरीला दिली.

कस्तुरी चौगुले ही दातांची डॉक्टर. तिच्या काकडीचा एक काप जाड तर दुसरा त्याहून जाड. भात हमखास खाली लागतो. जेवायला मात्र सगळ्यांत आधी बसते.

शाल्मलीला बाई बस म्हणाल्या. ती बसली नाही. उभ्या उभ्याच तिनं सगळं काढलं. बाईंचं नाव सातासमुद्रापार कुणी नेलं, येणाऱ्या-जाणाऱ्याला 'माझ्या गुरू कोल्हापूरच्या' असं कुणी सांगितलं, सुट्टीत आल्यावर आईशी धड बोलायच्या आधी इथं कोण यायचं. मी कोपऱ्यात वाटाणे सोलत बसले होते. घरून जेवून आले होते म्हणून बरं, नाहीतर ते ऐकून घास उतरला नसता.

"तिला साधं कापता येत नाही, बाई."

"नाही येत."

"पहिल्या दिवशी कोंड्याच्या वासानं नाक धरलं होतं तिनं."

"धरलं होतं की."

"मग?"



तेवढ्यात आतून कस्तुरीच आली. कोंड्यावर पांढरी साय धरली म्हणून बरणी बाईंना दाखवायला घेऊन आली होती. मनगटापर्यंत हात कोंड्यानं माखलेला. तिनं सगळं ऐकलं होतं, पण चेहऱ्यावर राग नव्हता. ती म्हणाली, अगं, मग अर्धा कोंडा ने की. मूठभरापासून परत बरणी भरते, नवा कोंडा घालत गेलं की झालं, बाईंनीच तर शिकवलंय.

खरं होतं ते. ही वस्तू वाटून कमी होत नाही. बाईंची स्वतःची बरणी तशीच तर भरली होती. दुसरं कुणी असतं तर डबा पुढं केला असता.

"तुझ्यातलं अर्धं मला नको," शाल्मली म्हणाली.

"मग सगळी ने."

हे म्हणताना कस्तुरीचा आवाज जरा बारीक झाला. तिचा जीव जडला होता बरणीवर. तरी म्हणाली.



सगळी बरणी मिळत होती. पण देत होती कस्तुरी, आणि तेच डाचत होतं. हिला बरणी बाईंच्या हातून हवी होती. त्याहीपेक्षा, कस्तुरीला ती मुळात मिळालेलीच नको होती. पोरीच्या तोंडावर सगळं दिसत होतं.

बाई हळूच उठल्या. आधी जेवून घेऊ म्हणाल्या.

त्यांनी तीन वाडग्यांत सकाळचा भात घातला, वर बरणीतल्या काकडीचे काप ठेवले आणि कढत हिरवा चहा ओतला. चहाभात. जपानात हा घरोघरी करतात. शाल्मलीच्या लंडनच्या टेबलावरही असतो, पण तिथं वर फुलं असतात. बाईंचा नियम एकच होता. चहा ओतला की बोलणं बंद करून जेवायला लागायचं, नाहीतर भात फुगतो.

शाल्मली शेवटी बसली. चॉपस्टिक हातात घेतल्या. नजर मात्र कस्तुरीच्या वाडग्यात. त्यात काकडी जास्त होती, निदान तिला तसं वाटत होतं.

बाईंनी ते पाहिलं. दोघींचे वाडगे अदलाबदल केले.

कस्तुरीला काय, समोर आला तो वाडगा उचलला आणि जेवायला लागली. चांगली भुरके मारत.

शाल्मलीनं आपल्यापुढच्या वाडग्यात पाहिलं. मग परत कस्तुरीकडं. आधी आपल्यापुढं होता तो वाडगा. त्याच्यातून वाफ जास्त येत होती की काय, कोण जाणे... पण तिची नजर तिथून हलेना.

बाईंनी पुन्हा वाडगे बदलले.

आता शाल्मलीपुढं कस्तुरीचा उष्टा वाडगा होता. आमच्यात कुणी उष्टं सहज खात नाही. शाल्मली तर बहिणीच्याही पेल्यातून पाणी पीत नाही. पण तिनं हूं की चूं केलं नाही. तिचं लक्षच नव्हतं. ती बघत होती कस्तुरीकडं.

कस्तुरी खाली मान घालून जेवत होती. तळाशी शिल्लक राहिलेली शितं तिनं बोटानं निपटून खाल्ली, वाडगा खाली ठेवला आणि सुखानं एक श्वास सोडला.

शाल्मली त्या रिकाम्या वाडग्याकडंही बघत होती...

माझे वाटाणे सोलायचे राहिले. 

बाईंनी कस्तुरीचा रिकामा वाडगा उचलला आणि शाल्मलीपुढं ठेवला. मग आपला वाडगा उचलला, त्याला अजून हातही लावलेला नव्हता, तोही तिच्यापुढं सरकवला. शाल्मलीपुढं आता तिन्ही वाडगे. एक उष्टा, एक रिकामा, एक भरलेला. चहा निवला होता. भात फुगून वर आला होता.

शाल्मलीनं मान वर केली. डोळे भरले होते तिचे. काहीतरी विचारायचं होतं बहुतेक.

बाईंनी तिच्या हातातल्या चॉपस्टिक सरळ करून दिल्या.

"आता सगळं तुझ्याकडंच आहे बघ," बाई म्हणाल्या. "जेव."